बोटीवरील प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारे यंत्र) आणि फिश फाइंडर (पाण्याची खोली व मासे दाखवणारे यंत्र) यांचे अलार्म इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाहीत. दोघांना मिळून बाहेरचा एकच मोठा भोंगा जोडता येईल का?

जोडता येईल, पण जोडू नये. हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण अशाच एका भोंग्यावरून आमच्या घरात नऊ वर्षे वाद चालू आहे.

जोडणी अवघड नाही. बहुतेक प्लॉटरांची अलार्मची तार भोंग्याला वीज पुरवत नाही. अलार्म वाजला की ती फक्त उणे बाजूला जोडली जाते आणि तिच्यातून अगदी थोडाच प्रवाह नेता येतो. म्हणून मध्ये रिले हवा, म्हणजे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू करणारा विजेचा स्विच. रिलेच्या कॉइलचे एक टोक फ्यूजमधून बॅटरीच्या अधिक बाजूला, दुसरे अलार्मच्या तारेला आणि कॉइलवर उलटा डायोड. गाड्यांच्या दुकानातला साधा रिले दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर खातो, तेवढे आपल्या यंत्राला झेपते का, ते त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता आमची हकिगत. वारा वाढल्यामुळे आम्ही 48 फुटी ट्रॉलर जयगडच्या खाडीत आणून नांगरला होता. पाणी 5 वाव, म्हणजे साधारण 9 मीटर, आणि दोर सोडला होता 45 मीटर. दोर ताणून बोट स्थिर झाल्यावर मी केबिनमध्ये आलो, प्लॉटरवरचा अँकर वॉच, म्हणजे बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा अलार्म, चालू केला, त्याचे वर्तुळ 0.03 सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे 55 मीटरांचे ठेवले आणि मोठ्या अभिमानाने झोपी गेलो, कारण ट्रकचा भोंगा मी त्याच आठवड्यात स्वतः जोडला होता. चूक अशी झाली, की यंत्राने वर्तुळाचा मध्य धरला तो बटण दाबताना बोट जिथे होती तिथला. नांगर त्यापासून 40 मीटरांहून दूर तळाशी पडलेला होता. रात्री ओहोटी संपून भरती लागली, बोट नांगराभोवती फिरून पलीकडे गेली आणि मध्यापासूनचे तिचे अंतर 80 मीटरांच्या वर पोहोचले. नांगर तसूभरही हलला नव्हता, पण भोंग्याने सगळे खलाशी उठवले. बोटीचे तांडेल, म्हणजे प्रमुख, माझे थोरले बंधू. त्यांनी किनाऱ्यावरचे दिवे ताडून पाहिले, सगळे ठीक असल्याची खात्री केली, अलार्म बंद केला आणि तो पुन्हा वाजल्यावर पक्कड घेऊन तार तोडली.

दुसऱ्या रात्री नांगर खरोखरच घसरला. यंत्राच्या पोटातला बारीक बझर मी आधीच बंद करून ठेवला होता, कारण बाहेर भोंगा असताना त्याचे काय काम, असे मला वाटले होते. जाग आली ती बोट गाळावर कलंडल्यावर. भरतीला ती उठली, कोणाला इजा झाली नाही, पण सुकाणूचा दांडा वाकला आणि ऐन हंगामातले चार दिवस गेले. ‘तुझ्या भोंग्याने बोट गाळात घातली,’ असे बंधू आजही चारचौघांत म्हणतात. वर्तुळ मी चुकीचे मांडले, हे मला मान्य आहे. पण तार तोडण्याआधी त्यांनी मला फक्त हाक मारली असती, तर मी ते दोन मिनिटांत सुधारले असते.

म्हणून अँकर वॉच नांगर तळाला टेकतो त्याच क्षणी चालू करावा, आणि वर्तुळाची त्रिज्या धरताना सोडलेला दोर, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) प्लॉटरच्या अँटेनापर्यंतचे अंतर आणि वर 10-15 मीटर असा हिशेब करावा. बाहेरच्या भोंग्यावर नांगर, उथळ पाणी आणि एआयएसवरील (बोटी एकमेकींना आपली जागा रेडिओवरून कळवतात, त्या यंत्रणेवरील) टकरीचा इशारा एवढेच घ्यावे. नियोजित ठिकाण जवळ आल्याचा किंवा मार्ग सोडल्याचा अलार्म यंत्रातच राहू द्यावा. जो भोंगा ऊठसूट वाजतो, त्याची तार कोणीतरी तोडणारच. प्लॉटर आणि फिश फाइंडरला वेगळे रिले व वेगळ्या आवाजाचे भोंगे द्यावेत, म्हणजे झोपेतून उठणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळते. त्यातला एक तरी खर्ज आवाजाचा असावा. साठीतल्या तांडेलाला बारीक, तीव्र शिट्टी पुष्कळदा ऐकूच येत नाही.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. भोंग्यात चुंबक असतो, त्यामुळे तो होकायंत्राजवळ बसवू नये. तसेच दुसऱ्या बोटींना इशारा द्यायचा जो बोटीचा भोंगा असतो, त्याला अलार्म मुळीच जोडू नये, कारण पाच किंवा अधिक आखूड भोंग्यांचा अर्थ समुद्रावर ‘तुमचा हेतू कळत नाही’ असा ठरलेला आहे. एआयएसवरही फार विसंबू नये: बी वर्गाचे यंत्र लावलेली बोट 2 नॉटपेक्षा हळू चालत असेल, तर ती आपली जागा 3 मिनिटांतून एकदाच कळवते, आणि यंत्र नसलेली होडी पडद्यावर दिसतच नाही. पहाऱ्याला माणूस लागतोच, आणि याबाबत बंधूंचे म्हणणे बरोबर आहे.

आमच्या बोटीवर ती तार आता लोखंडी नळीतून नेलेली आहे.