जनगणनेत पर्यवेक्षकाची ऑर्डर आली आहे. मुंबईत प्रगणकांच्या कामाचा मेळ कसा घालतात, आणि ॲपमुळे घरं सुटायची थांबतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ॲप म्हणजे वही. वहीत काय उतरणार ते गल्लीत ठरतं, आणि गल्लीत ते नजरी नकाशावरून, म्हणजे गटाच्या हाताने काढलेल्या ढोबळ नकाशावरून, ठरतं. २०१० ची घरयादी (घरांची नोंद, पहिला टप्पा) आणि २०११ ची गणना (माणसांची मोजणी), दोन्ही वेळी मी पूर्व उपनगरात पर्यवेक्षक होते. पालिका शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे.

भागाचं काम बघणारा चार्ज अधिकारी, पर्यवेक्षक, त्याच्या हाताखाली घरोघरी जाऊन नोंद करणारे ६ प्रगणक आणि प्रत्येकाचा साधारण ७००-८०० लोकवस्तीचा गट, ही रचना प्रशिक्षणात कळेलच. रचना चांगली आहे. घरं गटाच्या आत फारशी सुटत नाहीत, ती दोन गटांच्या मधे सुटतात.

माझ्या एका गटाची उत्तर हद्द नाला होती. पलीकडचा गट दुसऱ्या पर्यवेक्षकाकडे, त्याची दक्षिण हद्द तोच नाला. दोन्ही नकाशांवर नाला म्हणजे एक रेघ, आणि त्या रेघेवर माणसं राहत होती. नाल्याच्या भिंतीला धरून पत्र्याच्या खोल्यांची अख्खी रांग, दारं नाल्याकडे, जायला पाऊलभर वाट. गल्लीतून नुसते पाठचे पत्रे दिसायचे, त्यामुळे माझ्या प्रगणक बाई पुढे निघून गेल्या. पलीकडच्या सरांनी धरलं की नाल्यापाशी आपलं काम संपलं.

चार्ज ऑफिसात हे सांगितलं तर तिथले एक साहेब म्हणाले, "बाई, काम वाढवू नका. गोषवारा द्या आणि आकडा बंद करा." गोषवारा म्हणजे गटाच्या एकूण आकड्यांचा तक्ता. मी तो दिला नाही. दोन्ही प्रगणकांना घेऊन संध्याकाळी तिथे गेले, कारण दिवसा त्या रांगेला कुलपं असायची. बाया घरकामाला, पुरुष नाक्यावर. ताडपत्रीवर घरक्रमांक उमटेना म्हणून दाराच्या पत्र्यावर मार्करने घातले. काही खोल्यांवर दुसरी खोली होती, चढायला बाहेरून लोखंडी शिडी, वर भाडेकरू. साहेबांचं म्हणणं, खालचं-वरचं एकच घर धरा. का म्हणून? वर जायची वाट स्वतंत्र असली की ते स्वतंत्र जनगणना घर, आणि ज्यांचा स्वयंपाक वेगळा ते वेगळं कुटुंब. हे सूचना पुस्तिकेत स्वच्छ छापलं होतं. ते पान उघडून मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढे प्रत्येक वेळी माझी फाईल सगळ्यांत शेवटी घेतली.

आमच्या स्टाफरूममध्येही म्हणणारे होतेच, चार घरं सुटली तर काय बिघडतं? बिघडतं ते हे: २०११ ला बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आली. २०२१ ची गणना झालीच नाही. पालिकेच्या २२७ प्रभागांची रचना त्याच जुन्या आकड्यावर, अन्न सुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य मिळायचं तेही त्याच आकड्यावर. तेव्हा जो सुटला तो इतकी वर्षं सुटलेलाच आहे.

आता संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ आहे, आणि माहिती स्वतः भरायची सोयही आहे. टॉवरवाले भरतील. शिडीवरचा भाडेकरू भरणार नाही, कारण त्याचा खोलीमालकच "वर कोणी राहत नाही" म्हणून सांगतो. अशा मालकाला १९४८ च्या जनगणना अधिनियमाचं कलम १५ समजावून सांगा: ही नोंद कोणाला बघायला मिळत नाही, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. हे शांतपणे सांगितलं की बरेच जण ऐकतात. बेघरांची मोजणी २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. पुलाखालच्या, स्टेशनाबाहेरच्या जागा दिवसा हेरून ठेवल्या नाहीत तर रात्री धावपळ होते.

शिक्षकांना यात जुंपू नये असं म्हणतात, मला ते पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येही जनगणनेला मुभा आहे. वस्तीतलं पोर बाईंना ओळखतं, म्हणून दार उघडतं. हां, शाळा सांभाळून हे काम करताना माणूस पिळून निघतो, तेही खरं. टॉवरमध्ये कसं काम काढायचं ते मात्र तिथे काम केलेल्यालाच विचारा, माझे सगळे गट चाळी-वस्त्यांचे होते. आणि ॲपमध्ये गट कसे दाखवतात, दुरुस्ती कशी करायची, ते प्रशिक्षणात सांगतील तेच धरा.

पण हद्दी चालायचं कोणी सांगायची वाट बघू नका. तुमच्या सगळ्या बाजूंच्या पर्यवेक्षकांचे नंबर चार्ज ऑफिसातून मागून घ्या, घरयादी सुरू व्हायच्या आधी त्यांच्याबरोबर प्रत्येक सामायिक हद्द पायी चाला, मधली घरं कोणाची ते जागेवर ठरवा आणि दोन्ही नकाशांवर दोघांच्या सह्या घ्या.