सातवा महिना चालू आहे, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, आई एरंडेल घे म्हणते. घेऊ का?

नको घेऊस. उत्तर खरं तर इथेच संपलं, पण तुझा प्रश्न वाचून माझी जुनी खपली निघाली त्यामुळे आता पुढचंही वाच.

माझ्याकडे पण आईच होती. लोकांना वाटतं असले प्रकार सासवा करतात. माझ्या सासूबाई बिचाऱ्या काही न बोलता रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, बस. आई मात्र नारायण पेठेतून रिक्षा करून कोथरूडला आली ती पिशवीत बाटली घेऊनच. ती बाटली मी लहानपणापासून ओळखते, फडताळात तिच्याखाली घातलेला पेपर तेल पिऊन आरपार दिसायला लागायचा. सुंठेच्या काढ्यात दोन चमचे घे, नाक दाब आणि गिळ, सकाळी मोकळी होशील. मी नाही म्हटलं तर डोळ्यात पाणी, "तुझ्या वेळी मी घेतलं होतं, झालीस ना धडधाकट?" आता यावर काय बोलणार!

माझ्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं की एरंडेलाने आतडी आवळतात तसं गर्भाशयही आवळू शकतं, दिवस भरायच्या आधी हा खेळ नको. आईला पटलं नाही. डिलिव्हरीनंतर मला मूळव्याधीचा त्रास झाला तर प्रत्येक हळदीकुंकवाला "हिने माझं ऐकलं नाही ना" सुरू. शेवटी दोन वर्षांनी मावशी सहज बोलून गेली की अगं तुझ्या आईला आजीने एरंडेल दिलं होतं ते दिवस उलटून गेले होते तेव्हा, कळा सुरू व्हाव्यात म्हणून! म्हणजे जे कळा आणायला दिलं तेच मला सातव्या महिन्यात पोट साफ करायला देत होती. आईला विचारलं तर म्हणे तेच ते. तेच ते कसं काय?

मूळव्याध झाली ती कुंथून कुंथून, आणि त्यात थोडी माझीच चूक होती. हिंजवडीची कॅब सात वाजून दहा मिनिटांनी खाली यायची. चहा-पोळी पोटात गेली की आतड्यांना जाग येते, ती नेमकी तेव्हाच यायची आणि खाली हॉर्न. मग दाबून ठेवायचं. पुढे दीड तास ट्रॅफिक, लघवीला लागू नये म्हणून पाणी पण नाही प्यायचं. आधीच गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी सुस्तावलेली असतात, मल जितका वेळ आत राहतो तितकं पाणी शोषलं जाऊन खडा होतो. आणि वर लोहाची गोळी. गोळीतलं बरंचसं लोह अंगी लागतच नाही, आतड्यातच राहतं, काळी शी होते ती त्यानेच.

तर मी शहाणीने काय केलं, गोळ्या बंद केल्या. कुणाला न सांगता, तीन आठवडे. पोटाला जरा आराम पडला पण हिमोग्लोबिन १०.८ वरून ९.४ वर आलं आणि डॉक्टरबाईंनी अशी झापली की विचारू नकोस. (गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया.) त्यांनी गोळी बदलून दिली आणि लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं, पाकापेक्षा गोड असतं ते, पण रक्तात फारसं जात नाही, आतड्यातच पाणी ओढून घेतं. एका रात्रीत जादू नाही होत, मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फरक पडला. पोटात गुडगुड मात्र भरपूर.

इसबगोल पण चालतं, फक्त चमचाभराला पूर्ण ग्लास पाणी, लगेच प्यायचं. कमी पाण्यात घेतलंस तर ते आतच फुगून बसतं आणि मग आणखी वाट. लोहाच्या गोळीबरोबर नको, मध्ये दोनेक तास जाऊ देत. अंजीर खा, उन्हाळ्याच्या तोंडावर मंडईत सासवडकडचे ताजे येतात ते तर खाच, पेरू खा, ज्वारीची भाकरी खा, ते तुला माहीतच असणार.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र फुकटातलं. कमोडवर बसताना पायाखाली काहीतरी उंच घ्यायचं, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, मग कुंथावं लागत नाही. नवऱ्याने उत्साहात घरातला पाट नेऊन ठेवला, तो नेमका आईला दिसला. जेवणाचा पाट संडासात! एरंडेलावरून झालं नव्हतं एवढं महाभारत त्या पाटावरून झालं.

हां, शुगर वाढलेली असेल तर लॅक्ट्युलोज आणि अंजीर दोन्ही विचारून घे. सोनामुखीची चूर्णं मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. रक्त पडलं, उलट्या झाल्या किंवा पोटात थांबून थांबून कळा यायला लागल्या तर इथे विचारत बसू नकोस, ताबडतोब दवाखान्यात जा. तशा कळा पोटाच्याच असतील असं नाही.

आणि पाट नको, तुळशीबागेतून प्लास्टिकचं स्टूल आण.