राखीव गोलकीपर आणि अकादमीचं बोलावणं

ताई,

तुमचा मुलगा तेवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, मुंबईच्या लीगमध्ये राखीव गोलकीपर. कांदिवलीच्या एका अकादमीने त्याला लहान मुलांना गोलकीपिंग शिकवायला बोलावलंय. ‘खेळता येईना म्हणून कोच झाला’ असं लोक म्हणतील म्हणून तो अडून बसलाय. खेळ सोडून त्याने कोचिंगला लागावं का, असं तुम्ही विचारता.

खेळ मुळीच सोडू नये, आणि अकादमीलाही नाही म्हणू नये. गोलकीपर उशिरा पिकतो. इटलीचा गोलकीपर दिनो झोफ याने 1982 चा विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. पुढे 2000 साली त्याच्याच प्रशिक्षणाखाली इटली युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पोचली.

एकदा सामन्याआधी अर्धा तास मैदानावर जा. मुख्य कीपरला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जमिनीलगत बॉल देणारा, कॉर्नरसारखे उंच बॉल हाताने टाकणारा तुमचाच मुलगा असेल. कोचचं निम्मं काम तो आजही करतोच, फक्त फुकट.

मात्र निव्वळ गोलकीपर कोच म्हणून पोट भरणं कठीण. बऱ्याच क्लबांत तसं पदच नसतं. म्हणून आधी राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा परवाना, करू दे, म्हणजे अख्खा संघ शिकवता येईल. मग त्यावरचे सी, बी. गोलकीपिंगचे कोर्स वेगळे असतात, ते नंतर. 1992 पासून आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे पायाने चांगलं खेळणारा कीपर घडवणाऱ्याला आज मागणी आहे. तुमच्या मुलाचे पाय कसे आहेत, हे अकादमीत पहिल्याच आठवड्यात कळेल.

रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण घाई तिथेच आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयाची अट साधारण पंचविशीपर्यंतच असते, आणि नुसत्या स्थानिक लीगचं प्रमाणपत्र सहसा पुरत नाही. म्हणून संतोष ट्रॉफी या राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राची निवड चाचणी लागली की त्याने जायलाच हवं. कोचिंग पस्तिशीतही करता येईल, ही भरती नाही.

अकादमीशी बोलताना सामन्याचा दिवस मोकळा मागून घ्या. पावसाळ्यात सत्र रद्द झालं तर पैसे मिळणार का, शिकवताना बोट मोडलं तर खर्च कोणाचा, हेही लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ चालणार नाही.