छापाच्या जोडीला काय घालावं?

आफ्रिकी छापाच्या कपड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. विचारणाऱ्यांचा रोख रंगांवर आहे. आमची उत्तरं मात्र पुन्हा पुन्हा कापडाच्या जाडीवर आणि ताठपणावर आली.

प्रश्न : अंकारा छापाचा घेरदार मिडी स्कर्ट घेतला. निळा, केशरी आणि मधूनमधून पिवळा असा छाप आहे. त्यावर पांढरा टी-शर्ट खोचला की पोटाशी बोळा होतो आणि सगळंच गबाळं दिसतं. स्कर्ट चुकला का?

उत्तर : स्कर्ट बरोबर आहे, टी-शर्ट चुकलाय. अंकारा म्हणजे आफ्रिकी वॅक्स प्रिंट, मेणाच्या छापाचं घट्ट विणीचं सुती कापड, त्यात नवं असताना खळ असते. त्यामुळे स्कर्ट कमरेपासून फुगून उभा राहतो. वर जाड, सैल टी-शर्ट खोचला की त्याच्या घड्या कमरपट्टीखाली अडकतात आणि ते ताठ कापड त्या दाबून टाकू शकत नाही. पातळ, अंगासरशी बसणारा रिब विणीचा टी-शर्ट घ्या. आधी टी-शर्ट घालायचा, खाली ओढून सपाट करायचा, मग स्कर्ट चढवून हूक लावायचा. त्यानंतर दोन्ही हात एकदा पूर्ण वर करून खाली आणा. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कापड आपसूक बाहेर येतं, तेवढंच राहू द्या. खोचायचंच नसेल तर टी-शर्टची लांबी कमरपट्टीच्या खाली दोन-तीन सेंटीमीटरच हवी. नुसता पुढून खोचायची फॅशन जीन्सवर शोभते. चुण्यांच्या स्कर्टवर मात्र बाजूच्या चुण्या झाकल्या जातात आणि कंबर तिरकी दिसते.

आता रंग. छापात पांढरा भागही असेल तर तो उजेडात नीट बघा. तो मोतिया असेल, तर शेजारी पांढराशुभ्र टी-शर्ट आला की स्कर्ट मळका वाटतो. मग टी-शर्टही मोतियाच घ्या. रंगीत घालायचा तर छापात सगळ्यांत जास्त असलेला रंग सोडा आणि सगळ्यांत कमी असलेला उचला. तुमच्या बाबतीत पिवळा. स्कर्टशी 'जवळजवळ' जुळणारा निळा हा सर्वांत वाईट पर्याय, कारण तो जुळवायला गेलात आणि जमलं नाही असं दिसतं. निळाच हवा तर सरळ दोन छटा गडद, नेव्ही घ्या.

प्रश्न : पिवळ्या छापाच्या फ्रॉकवर नवं गडद डेनिम जाकीट घातलं. बगलेशी आणि कमरेशी निळसर डाग पडले. मिठाच्या पाण्यात भिजवलं, तरी गेले नाहीत.

उत्तर : डेनिमची नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, बाहेरच्या थरावर बसते. म्हणून ती घासली की सुटते आणि घाम असेल तिथे जास्तच. मिठाने किंवा व्हिनेगरने तयार कपड्याचा रंग पक्का होत नाही, डागही निघत नाही. हा समज फार चिवट आहे. डाग ताजा असताना थंड पाणी आणि साधा डिटर्जंट, एवढाच उपाय. डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, आणि क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको, डागाबरोबर छापही उडेल.

जाकीट उलटं करून तीन-चार वेळा वेगळं धुवा. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली शिवण दहा वेळा घासून बघा. फडकं निळं होत असेल तर फिक्या छापावर ते घालू नका. हीच परीक्षा छापाच्या कापडाचीही घ्या, लाल आणि गडद निळ्या भागावर. तसंही भडक छापावर धुऊन फिकं झालेलं मध्यम निळं डेनिमच खुलतं. कोऱ्या गडद डेनिममुळे वरचा भाग जड वाटतो.

प्रश्न : सहा वार कापड भेट मिळालं आहे, मोठी वर्तुळं असलेलं. रोजच्या साध्या कपड्यांसोबत चालेल असं काय काय निघेल?

उत्तर : सहा वार हा या कापडाच्या विक्रीचा नेहमीचा तुकडा, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. पन्हा बहुधा ११५ सेंटीमीटरच्या आसपास असतो, तरी स्वतः मोजा. कात्री लावण्याआधी कापड धुवा आणि सावलीत वाळवा. आटायचं असेल ते आधी आटू दे.

चुण्यांच्या मिडी स्कर्टला ८५ सेंटीमीटरचे दोन तुकडे आणि १० सेंटीमीटरची कमरपट्टी, असं १८० सेंटीमीटर लागतं. दोन वारांत, म्हणजे १८३ सेंटीमीटरमध्ये ते जेमतेम बसतं. पण हे बारीक छापाचं गणित झालं. तुमची वर्तुळं दर ३५ सेंटीमीटरला परत येत असतील, तर बाजूच्या शिवणीवर ती जुळण्यासाठी दुसरा तुकडा १०५ सेंटीमीटरवर सुरू करावा लागेल. म्हणजे नुसत्या दोन तुकड्यांनाच १९० सेंटीमीटर. कमरपट्टी मधल्या २० सेंटीमीटरच्या पट्ट्यातून काढा. थोडक्यात, मोठ्या छापाला दोन वार पुरत नाहीत, सव्वादोन धरा. अर्धं वर्तुळ शिवणीत गेलं की कितीही चांगला टी-शर्ट घाला, नजर तिथेच अडखळते.

अर्ध्या बाह्यांच्या शर्टला अडीच वार ठेवा, उरलेल्या सव्वा वारात बिनबाह्यांचा टॉप निघेल. टॉप कापताना कागद ठेवून आधी बघा, वर्तुळ छातीच्या नेमकं मध्यावर येत नाही ना? स्कर्टच्या मागच्या बाजूलाही तीच काळजी. अरुंद स्कर्ट मात्र नको. हे कापड ताणत नाही, चालायला मागे पंधरा-वीस सेंटीमीटरची चीर ठेवावी लागते आणि बसल्या-उठल्या मांडीवर वळ्या पडतात.

प्रश्न : छापाचा शर्ट पुरुषांनी कामावर कसा घालावा? बाह्या दुमडल्या की विचित्र दिसतं.

उत्तर : कापड उलटून बघा. खऱ्या वॅक्स प्रिंटचा रंग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच असतो, त्याच्या बाह्या बिनधास्त दुमडा. एकाच बाजूने छापलेल्या कापडाची मागची बाजू विटकी असते, त्यामुळे दुमड फडक्यासारखी दिसते. त्याचा अर्ध्या बाह्यांचाच शर्ट शिवा. खाली नेव्ही किंवा गडद राखाडी पँट, शर्ट न खोचता, आणि लांबी मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत. छातीवरच्या खिशाचा छाप जुळत नसेल तर खिसाच नको.

प्रश्न : कांगा आणि केंटे छापाचा स्टोल दोन्ही मिळालेत. जीन्सवर चालतील का? त्यांना काही अर्थ असतो का?

उत्तर : चालतील, पण दोघांची जात वेगळी आहे. कांगा पूर्व आफ्रिकेचा. चारही बाजूंना किनार, मधे मोठी नक्षी आणि तिच्याखाली स्वाहिली भाषेतली एक ओळ. ती ओळ म्हण असते, आशीर्वाद असतो, कधी शेजारणीला मारलेला टोमणाही असतो. अर्थ विचारून मगच अंगावर घ्या, आणि कापून टॉप शिवू नका, ओळ तुटते. साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं रुंद असं हे कापड असतं. साध्या काळ्या टी-शर्टवर ते कमरेला गुंडाळा आणि ओळ मागे, आडवी वाचता येईल अशी ठेवा.

केंटे घानाचं, असांते आणि एवे विणकरांचं. हातमागावर अरुंद पट्ट्या विणून त्या शेजारी शेजारी शिवतात, आणि नमुन्यांना स्वतःची नावं असतात. तुमचा स्टोल छापील आहे, तो रोज वापरायला हरकत नाही. हाताने विणलेलं केंटे मात्र समारंभाचं वस्त्र, ते जीन्सवर नको. घानात जाणार असाल तर लाल-काळा छाप लग्नाला घालू नका, तो तिथे शोकाचा रंग आहे.

वॅक्स प्रिंटच्या बाबतीत 'अस्सल आफ्रिकी' असा आग्रह काही पत्रांत दिसला. जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल यंत्रावर करण्याच्या डच खटपटीतून हे कापड आलं. हॉलंडमधल्या हेलमंडची व्हलिस्को कंपनी १८४६ची. पण कोणत्या नक्षीला काय नाव द्यायचं आणि ती कधी नेसायची, हे पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारातल्या बायकांनी ठरवलं. विकत घेताना नक्षीचं नाव विचारा. विक्रेत्याला माहीत असेल तर तो खुशीने सांगतो.