‘व्हायरस सापडला’ म्हणणारी नोटिफिकेशन्स

प्रश्न : अँड्रॉइड फोनवर ‘व्हायरस सापडला’ अशी नोटिफिकेशन्स सारखी येतात. क्रोमची हिस्ट्री पुसली, तरी थांबत नाहीत.

उत्तर : हा बहुधा व्हायरस नाही. ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ असं सांगून एखाद्या साइटनं नोटिफिकेशन्स पाठवायची परवानगी उकळलेली असते. नुसती हिस्ट्री पुसून ती परवानगी जात नाही. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी प्रत्येक नाव उघडून नोटिफिकेशन्स बंद करा. तिथलंच वरचं बटण बंद केलंत, तर नव्या साइट्स विचारणारही नाहीत. जरूर करा. त्या नोटिफिकेशनवर मात्र टिचकी मारू नका, ती सुचवते ते ‘क्लीनर’ ॲप तर मुळीच घेऊ नका. फोन रीसेट करायची गरज नाही.