नववीच्या मुलाला बीजगणित येतं, पण भूमितीत कोनांची मापं 'क्ष'मध्ये दिली की गडबडतो. समीकरण मांडायचा काही शॉर्टकट आहे का?

तुमच्या प्रश्नातला 'शॉर्टकट' हा शब्द मला खुपला, म्हणून लिहायला बसले. मुलाला ३क्ष + १५ = ६० सहज सुटतं आणि तीच मापं आकृतीवर लिहिलेली दिसली की हात थांबतो, असं तुम्ही म्हणता. म्हणजे त्याचं बीजगणित कच्चं नाही. समीकरण सोडवता येतं, पण ते कशाच्या जोरावर मांडायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते शॉर्टकटनं येणार नाही, आणि हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही.

मी तालुक्याच्या गावी एका खासगी क्लासमध्ये नववी-दहावीला भूमिती शिकवायचे. क्लासच्या सरांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना एक 'ट्रिक' सक्तीची केली होती. समांतर रेषांना छेदिकेनं छेदलं की कोन आठ होतात, पण मापं दोनच. म्हणून दोन कोन सारखे दिसले तर 'बरोबर' मांडायचं, एक लहान एक मोठा दिसला तर बेरीज १८०. संगत, व्युत्क्रम, आंतरकोन या कोनांच्या जोड्यांच्या नावांत वेळ घालवायचा नाही. मुलं खूश, कारण नेहमीची उदाहरणं या ट्रिकनं धडाधड सुटतात. तिथल्या आकृत्याच ठळक असतात, एक कोन साठाच्या आसपास, दुसरा एकशेवीसच्या.

मला ते पटत नव्हतं. बोलून काही उपयोग होईना, तेव्हा आठवड्याच्या चाचणीत मी एक उदाहरण घातलं. दोन समांतर रेषा, एक छेदिका, छेदिकेच्या उजव्या बाजूचे दोन आंतरकोन, म्हणजे समांतर रेषांच्या मधले. वरचा (२क्ष + १६)°, खालचा (३क्ष − ११)°. दोन्ही कोनांची मापं काढा. रेषा समांतर आहेत हे स्पष्ट लिहिलं होतं आणि आकृती कोनमापक लावून मापात काढली होती.

पेपर तपासायला घेतले तर बहुतेकांचं एकच. २क्ष + १६ = ३क्ष − ११, म्हणून क्ष = २७, दोन्ही कोन ७०°. पूर्ण संख्या आली, दोन्हीकडे सत्तर आले, मुलं निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाला गेली. पण छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० हवी, आणि सत्तर नि सत्तर होतात १४०. खरी मांडणी अशी: (२क्ष + १६) + (३क्ष − ११) = १८०. म्हणजे ५क्ष + ५ = १८०, क्ष = ३५, कोन ८६° आणि ९४°. छेदिका जवळजवळ उभी होती, काटकोनाला चारच अंश कमी. चाचणीच्या घाईत नववीतल्या पोराला ते दोन कोन सारखेच दिसणार.

ज्या मोजक्या मुलांचं उत्तर ३५ आलं त्यांनी समीकरणापुढे कंसात 'आंतरकोन' लिहिलं होतं. त्यातल्या एका मुलीचा पेपर मला अजून आठवतो. तिनंही आधी 'बरोबर'चं चिन्ह काढलं होतं. मग ते खोडून त्यावर अधिकचं चिन्ह गिरवलं होतं आणि ओळीच्या टोकाला जागा नसताना '= १८०°' कोंबलं होतं. कंसात कारण लिहायला गेली आणि समीकरण बदललं. मला जे शिकवायचं होतं ते सगळं त्या खाडाखोडीत होतं.

सरांना मी तो पेपर दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, असलं उदाहरण बोर्डात येतं का? पोरांचा कॉन्फिडन्स घालवलात. त्यांना मार्क हवेत, कारणं नकोत." पालकांनीही कमी मार्कांची तक्रार केली. पुढे नववीची भूमिती माझ्याकडून काढून घेतली. मार्कांचंच बोलायचं तर दहावीच्या भूमितीच्या ४० गुणांच्या पेपरात कृतीचे प्रश्न असतात, आणि त्यातल्या कितीतरी चौकटींत कारणंच भरायची असतात. तिथे ट्रिक काय लिहिणार?

आता तुमच्या मुलाबद्दल. काही दिवस त्याला तयार आकृतीची उदाहरणं देऊच नका. शब्दांत सांगा, आकृती त्यानं काढायची. हे एक देऊन बघा: त्रिकोण अबकमध्ये अब = अक. बाजू अकवर ड हा बिंदू असा आहे की अड = बड = बक. तर कोन अ किती?

एकही माप दिलेलं नाही, त्यामुळे नुसतं बघून काही सुचणार नाही. कोन अ = क्ष धरायचा. अड = बड, म्हणून कोन अबड = क्ष (समद्विभुज त्रिकोण). कोन बडक हा त्रिकोण अबडचा बाह्यकोन, म्हणून २क्ष (दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय). बड = बक, म्हणून कोन क = २क्ष. अब = अक, म्हणून कोन अबक = २क्ष. त्रिकोण अबकच्या तिन्ही कोनांची बेरीज ५क्ष = १८०, क्ष = ३६. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनं त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात हाच त्रिकोण रचला आणि त्यावरून वर्तुळात नियमित पंचकोन काढला. त्याच्याकडे 'क्ष' नव्हता, पण प्रत्येक पायरीला कारण होतं. बीजगणितानं आपलं काम खूपच हलकं केलं आहे, कारण देण्यातून सुटका मात्र केलेली नाही.

सवय एवढीच लावा की समीकरणापुढे कंसात कारण लिहायचं. 'म्हणून'च्या पुढे कारण सुचत नसेल तर ती ओळ लिहायचीच नाही. उत्तर आल्यावर क्षची किंमत परत घालून बेरीज तपासायची, आणि तपासतानाही तोच गुणधर्म वापरायचा जो कंसात लिहिलाय. नुसते 'दोन्हीकडे सत्तर आले' म्हणजे पडताळा नव्हे. आणखी एक, कोन विचारला असताना क्ष काढून थांबणारी मुलं खूप असतात. प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावा.

शिष्यवृत्ती किंवा तसल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षांत, जिथे पायऱ्या लिहायच्याच नसतात, तिथे 'मापं दोनच' हे लक्षात ठेवल्यानं वेळ वाचतो हे मला मान्य आहे. पण रेषा समांतर असल्याचं दिलेलं असलं तरच, आणि कोणता कोन कोणत्या जोडीतला हे आधी कळत असलं तरच. तसंच क्ष दरवेळी पूर्णांकच येतो असं नाही, अपूर्णांक आला म्हणून मुलाला रागावू नका.

आणि क्लास लावायचा विचार असेल तर पैसे भरायच्या आधी तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची भूमितीची वही मागून बघा. समीकरणांपुढे कंस रिकामे असतील, किंवा कंसच नसतील, तर दुसरा क्लास शोधा.