वेताळ आणि स्वेटरचे नमुने

जुने अंक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजींच्या गॅरेजमधून ‘ऑस्ट्रेलियन वुमन्स मिरर’ नावाच्या बायकांच्या साप्ताहिकाचे १९३०च्या दशकातले काही अंक निघाले. विणकाम, शिवणकाम, पाककृती, आणि मध्येच चक्क आपला चित्रकथेतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम! मुखवटा, कवटीची अंगठी, सगळं तेच. बायकांच्या अंकात हा काय करत होता? चुकून छापला गेला का? — एक वाचक, मेलबर्न

चुकून काही नाही. उलट ऑस्ट्रेलियात वेताळ शिरला तोच या दारानं. १ सप्टेंबर १९३६चा मंगळवारचा अंक ‘मिरर’नं बाजारात आणला आणि त्यात फँटम पहिल्यांदा दिसला. अमेरिकेत ही चित्रकथेची पट्टी सुरू झाली होती त्याच वर्षी, १७ फेब्रुवारीला. म्हणजे जेमतेम साडेसहा महिन्यांत गडी समुद्र ओलांडून सिडनीला पोचला, आणि उतरला तो थेट बायकांच्या साप्ताहिकात. मुलांच्या मासिकात नाही की क्रीडा पानावर नाही.

आता हे ‘मिरर’ कुणाचं, ते बघा. सिडनीच्या ‘द बुलेटिन’ या जुन्या, पुरुषी वळणाच्या साप्ताहिकाच्या कंपनीनं ते नोव्हेंबर १९२४मध्ये काढलं. ‘बुलेटिन’ म्हणजे राजकारण, मेंढपाळांच्या गोष्टी आणि व्यंगचित्रं. देशातले एकाहून एक सरस रेषावाले या घराण्यात वाढले. त्याच घरानं चित्रकथा मागवायची वेळ आली तेव्हा हात पुढे केला तो अमेरिकेपुढे. ऑस्ट्रेलियातले चित्रकार यावर चडफडले असतील तर नवल नाही. त्यांच्याकडे जिमी बँक्सचा ‘जिंजर मेग्ज’ १९२१पासून होता आणि मे गिब्जची ‘बिब अँड बब’ १९२४पासून, म्हणजे कला कमी होती असं अजिबात नाही. कारण सरळ पैशाचं होतं. सिंडिकेट, म्हणजे पट्ट्या पुरवणारी अमेरिकी कंपनी, एकच पट्टी जगभरच्या शेकडो पत्रांना विकायचं, त्यामुळे प्रत्येकाला ती स्वस्तात पडायची. घरचा चित्रकार नेमला की त्याला दर आठवड्याला पगार द्यावा लागतो, आणि तो आजारीही पडतो.

माझं आयुष्य छापखान्यात पानं लावण्यात गेलं, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. सिंडिकेटकडून सहसा मॅट यायचा. मॅट म्हणजे कागदाच्या लगद्याचा जाड पुठ्ठा, त्यावर चित्र खोलगट उमटलेलं. त्यात वितळलेलं शिसं ओतलं की छापायला पत्रा तयार. वजनाला हलका, टपालानं येणारा, ब्लॉक करायचा खर्च नाही. फँटमची रविवारची रंगीत पट्टी २८ मे १९३९ला सुरू झाली. त्यामुळे १९३६मध्ये ‘मिरर’च्या हाती होत्या त्या रोजच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. रोज एक, अशा छापायच्या मालाची साप्ताहिकासाठी मोट बांधायची. यात एक गंमत होते. रोजच्या पट्टीत शेवटच्या चौकटीला वाचकाला टांगून ठेवायचं असतं. पट्ट्या एकाखाली एक लावल्या की एकाच पानात नायक वरचेवर मरणाच्या दारात जातो आणि परत येतो. तुमच्याकडच्या अंकात एका पानावर किती पट्ट्या आहेत ते मला जरूर कळवा.

आणि ‘मिरर’ला घाई का होती? माझं मत सांगते. जून १९३३मध्ये ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ हे नवं, झगझगीत साप्ताहिक निघालं आणि त्यानं ‘मिरर’च्या तोंडचं पाणी पळवलं. फँटम येण्याच्या आधीच ‘वीकली’त मँड्रेक जादूगार आपली टोपी सांभाळत उभा होता. मँड्रेक आणि फँटम दोघे एकाच ली फॉकच्या डोक्यातून निघालेले. तिकडे फॉकचा जादूगार, म्हणून इकडे फॉकचा वेताळ. मला यात योगायोग दिसत नाही. शेजारणीनं मिक्सर घेतला की आपल्याही घरी येतो, तसंच.

दोन वर्षांत, १९३८मध्ये, ‘मिरर’नं फँटमच्या कथांची वेगळी पुस्तकं काढली. पुढे युद्ध आलं. डॉलर वाचवायचे म्हणून ऑस्ट्रेलियानं अमेरिकेत छापलेली कॉमिक्स येऊ देणं बंद केलं आणि ही अडवणूक युद्धानंतरही बरीच वर्षं चालली. सुपरमॅनची मूळ अमेरिकी पुस्तकं बंदराबाहेर अडकली. फँटम मात्र तोवर घरचा झालेला. सप्टेंबर १९४८मध्ये सिडनीच्या फ्रू प्रकाशनानं त्याचं स्वतंत्र पुस्तक सुरू केलं. ते आजही निघतं. तुमच्या मेलबर्नच्या न्यूज एजन्सीत विचारा, पुढ्यात ठेवतील. ‘मिरर’ १९६१मध्ये संपलं, वेताळ उरला.

प्रश्न : मारामारीची कॉमिक्स म्हणजे मुलग्यांचं खातं. बायका ती खरंच वाचत होत्या, की पान उलटून पाककृतीकडे जात होत्या? — एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

बाई, तुम्ही पहिली कथा वाचलेली नाही, हे प्रश्नावरूनच कळतं! रागावू नका.

तिच्यात आधी भेटते ती डायना पामर. न्यूयॉर्कची श्रीमंत घरातली मुलगी, पण मोहिमांवर जाणारी, आणि सुरुवातीलाच मुष्टियुद्धाचे हातमोजे घालून समोरच्या पुरुषाला लोळवणारी. मोहिमेवरून ती अंबर घेऊन परतत असते. देवमाशाच्या पोटातलं, अत्तरवाल्यांना सोन्यासारखं वाटणारं अंबर. त्यावर डोळा ठेवून चाचे बोटीवर चालून येतात आणि तेव्हा कुठे साहेब दर्शन देतात. म्हणजे कथा ज्या मालावरून पेटते तो माल त्या बाईचा, आणि तो तिनं कमावलेला. १९३६ सालच्या साप्ताहिकात अशी नायिका दर मंगळवारी घरात येत होती.

दुसरी कथा तर याहून पुढची. ‘स्काय बँड’ म्हणजे विमानं लुटणारी टोळी, आणि टोळीत सगळ्या बायका. म्होरकी एक बॅरोनेस. ती वेताळाला कैद करते आणि मग त्याच्यावर भाळते. (इथं लेखकानं पुरुषी हिशेब बरोबर साधला, ते सोडा.) पण ऑस्ट्रेलियातल्या वाचक बाईला विमान चालवणारी बाई ही कल्पनेतली गोष्ट वाटत नव्हती. १९३०च्या मे महिन्यात एमी जॉन्सन इंग्लंडहून एकटी उडत डार्विनला उतरली होती. १९३४मध्ये न्यूझीलंडची जीन बॅटन तशीच एकटी येऊन गेली. त्यांचे फोटो ज्यांनी कौतुकानं पाहिले, त्याच बायकांच्या हातात ही कथा आली.

आणि प्रेमप्रकरणाचं काय विचारता! मुलगा दिसायला दणकट, घराणं चारशे वर्षांचं, राहायला गुहा. नोकरीचा पत्ता नाही. शहरात येतो तो गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, हॅट आणि काळा चष्मा घालून, सोबत कुत्रा म्हणून लांडगा. डायनाच्या आईला हा जावई बराच काळ पसंत नव्हता, आणि मी तिच्या जागी असते तर मलाही नसता. वाचकांना लग्नाची आशा लावून फॉकनं ते किती लांबवावं? १९३६मध्ये भेट, १९७७मध्ये लग्न. मधल्या काळात डायनानं संयुक्त राष्ट्रांत नोकरी धरली. ती काही खिडकीत बसून राहिली नाही. नंतर जुळं झालं, किट आणि हेलॉइस. बघणं, नकार, आईची कुरबूर, ताटातूट, पत्रं, वाट पाहणं, हे सगळं ज्या कथेत आहे तिला तुम्ही मुलग्यांचं खातं म्हणता? आपल्या मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांत याहून वेगळं काय असायचं, फक्त वाघ सोडला तर?

माझं म्हणणं एवढंच की ‘बायकांचं साप्ताहिक’ हे विकत कोण घेतं त्यावरून पडलेलं नाव आहे. वाचत होतं सगळं घर. घरखर्चातून अंक आणायची बाई. तिनं तो पुढच्या आठवड्यातही आणावा म्हणून पोरांनी आणि नवऱ्यानं तिच्या मागे लागावं, ही सोय चित्रकथेनं केली. स्वेटरचा नमुना एका अंकात संपतो. वेताळ संपत नाही.

एक गोष्ट मात्र आज वाचताना खुपते. गोरा माणूस सिंहासनावर आणि जंगलातले सगळे काळे लोक त्याच्या शब्दावर, ही मांडणी त्या काळच्या साम्राज्याची आहे आणि ती चौकटीचौकटीत दिसते. पण पुढचं ऐका. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात ही पुस्तकं पोचली, तिथल्या वाघी लोकांनी वेताळाचं चित्र स्वतःच्या लढाईच्या ढालींवर रंगवलं. न मरणारा योद्धा त्यांनी आपल्या कामाला लावला.

प्रश्न : त्याचा पोशाख जांभळाच का? — एक विद्यार्थी, पणजी

सगळीकडे जांभळा नाही. फॉकच्या मनात करडा होता. काळ्या-पांढऱ्या पट्टीत रंगाचा प्रश्नच नव्हता. १९३९मध्ये रविवारची पट्टी रंगीत झाली आणि तिथं जांभळा लागला. तोवर आणि त्यानंतरही बाहेरच्या देशांत छापणाऱ्यांनी आपापला रंग दिला. स्वीडनमध्ये तो निळा, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. स्वीडनचं नाव आलंच म्हणून सांगते, तिथंही तो १९४२मध्ये पहिल्यांदा ‘वेको-रेव्यून’ या साप्ताहिकात आला. तेव्हा ते सगळ्या घरासाठी होतं आणि पुढे तरुण मुलींचं झालं.

प्रश्न : मग आपल्या मराठी स्त्री-मासिकांत असा परदेशी नायक का रुजला नाही? — एक वाचक, कोल्हापूर

एक तर ती मासिकं होती. ‘स्त्री’ १९३०पासून निघत होतं, पुढे साठच्या दशकात ‘मेनका’, ‘माहेर’ आली, सगळी महिन्याला एकदा. चार चौकटींचा ताण आठवडाभर टिकतो, महिनाभर नाही. तोवर वाचकाच्या घरात दोन सण आणि एक परीक्षा होऊन जाते. शिवाय क्रमशः कादंबरीनं ती जागा आधीच धरली होती.

दुसरं कारण फुग्यांचं, म्हणजे चित्रात पात्रांचं बोलणं लिहितात त्या गोलांचं. मी ज्या मासिकात होते तिथं मालकांनी हौसेनं एक परदेशी पट्टी घेऊन पाहिली. फुग्यातलं इंग्रजी पांढऱ्या रंगानं पुसायचं, वाळू द्यायचं आणि बारीक निबानं मराठी लिहायचं. इंग्रजीत ‘स्टॉप’ एवढंच असलेल्या फुग्यात भाषांतरकारानं ‘खबरदार, एक पाऊल पुढे टाकशील तर’ लिहून पाठवलेलं. वेलांट्या वर, उकार खाली, म्हणजे दोन ओळींची जागा एकाच ओळीला. शेवटचा काना नायकाच्या कानात गेला. मी ‘थांब!’ एवढंच ठेवलं, तर भाषांतरकार महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती पट्टी फार दिवस चालली नाही.

म्हणून आपल्याकडे वेताळ आला तो वेगळ्या वाटेनं. इंग्रजी ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून आधी साहेबी घरांत, आणि मार्च १९६४पासून टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून सगळ्यांच्या घरांत. पुढे ती मराठीतही निघू लागली. इंद्रजालमध्ये बहुधा एका अंकात अख्खी कथा, त्यामुळे वाट पाहायचं काम नाही. काही नावंही सांभाळून बदलली. मूळ कथेतला ‘बंगाला’ हा देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला. चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली. वेताळाच्या बापाचा मारेकरी मूळ ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ केला. भारतात विकायच्या पुस्तकात रामानं पाठीत खंजीर खुपसलेला कोण चालवून घेईल? बंगालीत तर तो ‘अरण्यदेव’ म्हणून इतका मुरला की कित्येकांना तो तिथलाच वाटतो.

प्रश्न : त्या अंकांचं मी काय करू? चांगले पैसे येतील का? आणि इथं भारतात बसून माझ्या बहिणीला ते बघता येतील का? — पुन्हा मेलबर्नचे वाचक

बहिणीला सांगा, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव’ नावाचं संकेतस्थळ आहे. ‘विमेन्स वीकली’चे १९३३ ते १९८२चे अंक तिथं पानं उलटत फुकट वाचता येतात, मँड्रेकसकट. मुंबईच्या लोकलमध्ये बसूनही उघडतात.

पैशांचं म्हणाल तर संग्राहक पहिली गोष्ट बघतो ती अंक अख्खा आहे की नाही. त्यामुळे वेताळाचं पान कापून फ्रेम करायचा विचार डोक्यातून काढा. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, दोन पावसाळ्यांत तो पिवळा पडतो आणि कागद घेऊन निघतो. अंक आडवे ठेवा, उभे नको. १९३८च्या त्या वेगळ्या पुस्तकांपैकी एखादं ढिगात असेल तर ते आधी बाजूला काढा. आणि अंक आजींचे आहेत, तेव्हा सौदा करण्याआधी त्यांना विचारा. त्यांना वेताळ नको असेल, पण एखादा स्वेटरचा नमुना नक्की हवा असेल.